रिले गप्प झाला तो उन्हाळा

उन्हाळा लागला की आमच्या कॉलनीत संध्याकाळी जो तो आपापल्या झाडांना पाणी घालतो. मीही घालतो. मोगरा, कढीपत्ता, कुंपणाजवळचा शेवगा. आणि शेवटची बादली घराच्या मागे जमिनीत गाडलेल्या एका लोखंडी पाइपात ओततो. शेजारचे आबा हे वर्षानुवर्षं बघत आले आहेत. "काय भाऊ, पाइपाले पालवी फुटनी का?" असं विचारल्याशिवाय त्यांचा उन्हाळा सुरू होत नाही. मी म्हणतो, "फुटेल आबा, पाणी कमी पडतंय."

तो पाइप म्हणजे घराचं अर्थिंग. कूलर, फ्रिज, मोटार, यांतल्या कशाच्या पत्र्यावर चुकून वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट हवी म्हणून गाडलेला. आमच्या जळगावकडची काळी माती पावसाळ्यात पाइपाला घट्ट धरून बसते आणि चैत्रात त्याचा हात सोडून देते. भेगा पडतात, पाइप आणि माती यांच्यात बोटभर पोकळी होते. वाट असते, पण पुढे रस्ता नसतो. म्हणून बादली.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका उन्हाळ्यात कळलं, आणि ज्या माणसाच्या ते उपयोगी पडायला हवं होतं त्याच्या ते उपयोगी पडलं नाही. दरवर्षी पहिली बादली ओतताना पाइपाच्या तोंडातून जी गरम वाफ आणि ओल्या मातीचा वास येतो, त्या वासाबरोबर तो सगळा उन्हाळा वर येतो.

तेव्हा मी शहराबाहेरच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर होतो. डाळ मिलचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगणं अवघड आहे. तुरीचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम एकच. रोलरवर घासलेली, तेल चोळलेली, पाणी मारलेली तूर उन्हात वाळली की मगच तिची नीट डाळ पडते. त्यामुळे बाकीचं गाव उन्हाला शिव्या देत असताना आमचे शेठ सकाळी आकाशाकडे बघून समाधानाने मान हलवायचे. हवेत सालीची पिवळसर धूळ. ती पापण्यांवर बसायची, चहात उतरायची, घरी गेल्यावर उशीला लागायची. बायको म्हणायची, "तुमचा रुमाल पिळला तर वरण होईल."

ओली तूर गच्चीवर न्यायला एलेव्हेटर होता. उभा, चौकोनी, पत्र्याचा नळा. आत फिरणारा पट्टा, पट्ट्यावर लोखंडी डबे. खाली तूर ओतली की डबे ती भरून घेत आणि वर गच्चीवरच्या तोंडातून भळाभळा सांडत. तिथे सुभद्राअक्का आणि तिच्या हाताखालच्या बाया ती तूर पसरायच्या, पायांनी रेघा ओढत उलटत राहायच्या. अनवाणी. धान्यावर चप्पल घालून चालायचं नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. तळपायाखाली ओली तूर, आणि एक हात एलेव्हेटरच्या पत्र्याच्या तोंडावर, सांडणाऱ्या धारेला दिशा द्यायला. हे चित्र लक्षात ठेवा. नाना ते कधी विसरले नाहीत.

नाना म्हणजे आमच्या मिलचे विजेचे मुख्य. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मूळचे नरडाण्याकडचे. आयुष्य मोठमोठ्या यंत्रांत गेलेलं, आणि त्याचा तोराही होता. आमच्या मिलला ते "खेळणं" म्हणायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, आणि बोलणं अहिराणीत, समोर कलेक्टर असला तरी. पत्नी गेलेली, मुलगी धुळ्याला दिलेली. जळगावात एक खोली घेऊन एकटे राहत आणि सुटीच्या दिवशीही मिलमध्ये येत. घरी काय करणार, असं ते एकदाच म्हणाले होते. मला तेव्हा तो नुसता बोलण्यातला प्रश्न वाटला होता.

मिलमधली सगळी विजेची मांडणी त्यांच्या हातची. मागच्या भिंतीजवळ निंबाखाली अर्थिंगचा खड्डा त्यांनी स्वतः उभं राहून खणून घेतला होता. पाइप, कोळसा, मीठ, वर विटांचा चौकोन आणि झाकण. पाऊस संपला की ते त्याचं माप घेत. चार ओहम. दरवर्षी चार, कधी साडेचार. आकडा आला की झाकण लावून त्यावर हलकेच थाप मारत. एखाद्याच्या पाठीवर मारावी तशी.

आणि मेन पॅनेलमध्ये त्यांनी बसवलेला रिले. मी एकदा विचारलं, हा काय करतो? तेव्हा गेटातून बाया आत येत होत्या. नाना म्हणाले, "भाऊ, सकायले जितल्या बाया गेटमाईन मझार गयात, तितल्याच संध्याकायले बाहेर येवाले पाहिजेत. एक कमी पडनी तर इचारशी ना, ती कोठे गई? बस. रिले म्हणजे गेटवरना वॉचमन." वीज एका तारेने आत जाते, दुसरीने परत येते. गेलेली आणि आलेली सारखी हवी. कमी आली तर उरलेली कुठेतरी गळते आहे. एखाद्या मशिनच्या पत्र्यातून, जमिनीतून. अर्ध्या अँपिअरच्या वर गळती झाली की रिले पडणार आणि मिल बंद.

त्या वर्षी तो हिवाळ्यापासूनच पडू लागला.

चालती मिल अचानक बंद पडते तेव्हा आधी आवाज जात नाही. रोलर आपल्या वजनाने फिरत राहतात, पट्टे फटफटतात, चाळण्या थरथरून थांबतात, आणि मग कुठेतरी छपराच्या लोखंडी कैचीत बसलेल्या चिमण्यांचा चिवचिवाट ऐकू येतो. तो ऐकू आला की शेठ ऑफिसातून बाहेर. "पुन्हा पडला?" शेठ मारवाडी, तिसऱ्या पिढीचे जळगावकर, आवाज कधी चढवायचे नाहीत. "नानाजी, तुमचा हा वॉचमन जरा जास्तच इमानदार आहे."

"इमानदार शे म्हणीसन तर ठेयेल शे," नाना म्हणायचे.

फॉल्ट सापडत नव्हता. एकेक मशीन सोडवून नाना मेगर लावत. मेगर म्हणजे तारेवरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणारं यंत्र. प्रत्येक वेळी उत्तर उत्तम. दोनशे मेगओहम, तीनशे. कागदावर सगळी मिल नव्यासारखी. अडचण साधी होती आणि तिला उपाय नव्हता: मशीन चालू असताना मेगर लावता येत नाही, आणि मशीन थांबवलं की फॉल्ट नाहीसा व्हायचा. चालत्या मशिनवर गळती मोजणारा चिमट्यासारखा एक बारीक मीटर मिळतो. तो नानांनी मागितला होता. शेठनी नाही म्हटलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, मागवावा लागेल. तो मागवण्यात राहिला.

मग होळी गेली, ऊन तापलं, आणि चैत्राच्या सुरुवातीला एक दिवस माझ्या लक्षात आलं की चिमण्या बरेच दिवस ऐकू आल्या नाहीत. रिले पडायचा थांबला होता.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शेठनी सगळ्यांसाठी उसाचा रस मागवला. बर्फ घातलेला, लिंबू पिळलेला. बाया गच्चीवरून उतरल्या, हमाल पोत्यांवर बसले. नाना पॅनेलपाशी उभे होते. त्यांच्या ग्लासातला बर्फ विरघळून रस पांढुरका झाला तरी त्यांनी तो तोंडाला लावला नव्हता.

"नानाजी, घ्या. भगवान की दया से बंद झालं ना?"

"शेठ, फॉल्ट कोठे पयस का? मी दुरुस्त कया नही, तुम्ही कया नही. मंग तो गया कसा?" नाना म्हणाले. "गया नही. तो तठेच दपेल शे."

पयस म्हणजे पळतो, दपेल म्हणजे लपलेला. शेठ हसले. रस प्यायलेले सगळेच हसले. बोलणारा गप्प झाल्यावर त्याची काळजी करायची, हे कुणाला सुचणार? एवढी वर्षं झाली, मला अजून त्या हसण्याचा राग येत नाही. वाईट वाटतं, ते वेगळं.

त्या दिवसापासून नानांचं एकच काम. एलेव्हेटरच्या पायथ्याशी टेस्टर लावून उभं राहायचं. मला हाक मारायचे, "भाऊ, दिसना का?" मी वाकून बघायचो. टेस्टरच्या काचेत क्षणभर एक लाल दाणा चमकल्यासारखा वाटायचा आणि विझायचा. दारातून येणाऱ्या त्या पांढऱ्या उन्हात मला खात्रीने काही म्हणता येत नव्हतं. मी आकड्यांचा माणूस. चमकल्यासारखं वाटणं हा आकडा नाही. शेठना बोलावलं की दाणा हटकून दिसायचा नाही.

गच्चीवरून सुभद्राअक्का सांगायची, "नाना, आज बी चावनं." एलेव्हेटरच्या तोंडाला हात लावला की झिणझिण. पण त्याला आमच्याकडे तयार उत्तर होतं. खानदेशच्या कोरड्या उन्हात मोठे पट्टे फिरले की त्यांच्या घासण्याने थोडी वीज साठतेच. दर चैत्रात मशिनं थोडी चावतातच. हमाल एकमेकांना मुद्दाम हात लावून चिमटे देतात. "पट्ट्याची वीज आहे अक्का, उन्हाळा आहे," असं ऑपरेटर म्हणाला आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या वडिलांनीही तेच सांगितलं असतं. खरी गोष्ट खऱ्याच गोष्टीच्या मागे दडली होती.

"पट्टानी वीज आन् लाइननी वीज, हाताले दोन्ही सारख्याच," नाना म्हणाले. "पण एक चावस आन् सोडी देस. दुसरी सोडत नही."

मिल चालू असताना नानांनी मेन स्विच खाली ओढला. पहिल्यांदा शेठ काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, नानाजी, मला विचारून. तिसऱ्यांदा मात्र एलेव्हेटर भरलेला होता, खाली पाणी मारलेल्या तुरीचा ढीग होता, आणि नाना मेनच्या हँडलवर हात ठेवून उभे राहिले. गच्चीवर बायांचा पुन्हा ओरडा झाला होता म्हणून. सगळी मशिनं सोडवून मेगर लावला. पुन्हा दोनशे, तीनशे. तोपर्यंत दुपार कलली होती. पत्र्याखालच्या त्या उष्म्यात ओली तूर वाट बघत नाही. आंबूस, ताकासारखा वास सुटला. तो वास मला अजून कधी कधी घरात डाळ भिजत घातली की येतो, आणि मी उगाच उठून डबा बघून येतो.

शेठ ढिगापाशी बसले. एक मूठ उचलून त्यांनी नाकाशी नेली, पुन्हा ठेवली. धान्याला पाय लागू नये म्हणून चप्पल काढून बसले होते. म्हणाले, "नानाजी, तुम्ही थकलात."

नाना माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती कुणास ठाऊक. माझ्याजवळ तेव्हा मेगरचे आकडे होते आणि ते सगळे त्यांच्या विरुद्ध होते.

आमच्याकडे माणसाला कामावरून काढत नाहीत. निदान शेठसारखी घराणी काढत नाहीत. सत्कार करतात. ऑफिसात सतरंजी, उदबत्ती, पेढे. शेठनी स्वतः नानांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, वाकून पाया पडले. मनापासून पडले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नानाजींनी या मिलला उजेड दिला. आता त्यांनी आराम करावा, मुलीकडे राहावं, नातवंडांत रमावं." टाळ्या झाल्या. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री तापमान आणि नानांच्या खांद्यावर लोकरीची शाल. त्यांच्या मानेवरून घामाची धार शर्टात उतरत होती. त्यांनी शाल काढली नाही. सत्कार चालू असताना शाल काढायची नसते.

बोला म्हटल्यावर ते उभे राहिले. "बठ्ठासनी मले सांभायी लिधं," म्हणाले, सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं. थांबले. मग म्हणाले, "अक्का, एलेव्हेटरना तोंडले लाकूडनी काठी लाय. हात नको लावू." आणि बसले. सत्काराचं असं भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही.

ते धुळ्याला गेले. त्यानंतर आठवड्याच्या आतच अखाजी आली.

अक्षय्य तृतीयेला खानदेशात अखाजी म्हणतात, आणि दिवाळीहून तिची ओढ जास्त. सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. पण सकाळ असते ती गेलेल्या माणसांची. त्यांच्या नावाने मातीची घागर भरायची, वर छोटा लोटा, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी. आणि विस्तवावर घास टाकून आगारी द्यायची. भर उन्हात गेलेल्यांना पाणी मिळावं, इतकी साधी ती गोष्ट. त्या वर्षी मिलच्या मागच्या खोल्यांत राहणाऱ्या बऱ्याच बाया गावी गेल्या नव्हत्या. हंगाम होता. सुभद्राअक्काचा वारलेला नवरा आमच्याच मिलमध्ये हमाल होता; जेवणाच्या सुटीत निंबाखाली खड्ड्याच्या झाकणावर बसून विडी ओढायचा. त्याची घागर तिने तिथेच मांडली. एकीने मांडली म्हणून बाकीच्यांनी मांडल्या. निंबाखाली घागरींची रांग लागली. पूजेचं पाणी पायदळी सांडायचं नसतं, झाडाच्या मुळाशी घालायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी एकेक घागर तिथेच ओतली. अक्का मला पुढे सांगत होती, "भाऊ, घागरवर घागर, पण जमीन घटघट पी राहिनती. वर थेंब नही राह्यना."

सकाळी मिल सुरू झाली, एलेव्हेटरने ओली तूर उचलली, आणि रिले पडला.

चिमण्या ऐकू आल्या. शेठ बाहेर आले. "पुन्हा?" एवढंच म्हणाले. पुन्हा चालू केलं, पुन्हा पडला. सगळे पॅनेलभोवती जमले. मी मात्र एकच मोजत होतो: काल आणि आज यांत फरक काय? मशीन तेच, तूर तीच, ऊन तेच. मिलमध्ये काहीच बदललं नव्हतं. मग मिलबाहेर काय बदललं, म्हणून मागच्या दाराने गेलो. निंबाखालची जमीन काळीभोर ओली होती. विझलेल्या आगारीची राख, खरबुजाची एक साल, आणि खड्ड्याच्या विटांच्या सांध्यांतून पाणी आत झिरपलेलं.

मी खड्ड्याभोवती एक फेरी मारली. त्या वर्षी शेठनी वाळवण वाढवायला मागचं सगळं अंगण कोबा करून घेतलं होतं. पूर्वी तूर भिजवण्याच्या हौदाचं सांडपाणी निंबाकडे वाहत यायचं. ते आता पक्क्या नाल्यातून टाकीत जात होतं. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात न येता त्या खड्ड्याला पाणी मिळत होतं, आणि कुणाच्या लक्षात न येता ते बंद झालं होतं.

पुढच्या आठवड्यात जमीन वाळली. रिले पुन्हा गप्प. मी स्वतः पाण्याची पिंपं आणून ओतली. रिले पडला. वाळू दिलं, गप्प. ओतलं, पडला. बाहेरून एक टेस्टिंगवाला बोलावला. त्याने खड्ड्याचं माप घेतलं. कोरडा असताना दोनशे पन्नास ओहम, पाणी घातल्यावर अकरा. हिशेब कागदावर चार ओळींत मावला. फॉल्टच्या जागी अडथळा तीनशे ओहमच्या आसपास. खड्डा ओला असला की पाऊण अँपिअर गळायची आणि रिले पडायचा. खड्डा कोरडा पडला की तोच फॉल्ट, पण गळती अर्ध्या अँपिअरच्या आत. वॉचमनला गडबड दिसायची नाही. आणि जी वीज जमिनीत जाऊ शकत नव्हती ती मशिनच्या पत्र्यावरच उभी राहायची. शंभर व्होल्टच्या वर. अक्काच्या हाताखाली.

त्या माणसाजवळ तो चिमट्याचा मीटर होता. चालत्या मशिनच्या केबलभोवती एकेक करून त्याने तो अडकवला, आणि चहा यायच्या आत एलेव्हेटरच्या मोटारीपाशी आकडा उसळला. केबल जिथे लोखंडी पाइपातून बाहेर येते तिथे पाइपाच्या धारेने तिचं आवरण झिजलं होतं. भरलेला एलेव्हेटर हादरला की तांबं धारेला टेकायचं, थांबला की सुटायचं. मध्ये ओल्या धुळीचा लगदा. नखाएवढी जागा. हंगामभर जिच्यासाठी एक माणूस टेस्टर घेऊन उभा राहिला ती.

मी संध्याकाळी नानांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे फक्त कूलरचा आवाज येत होता.

"नाना, ऐकताय ना?"

"रीडिंग कितलं उनं?"

"कोरडं असताना अडीचशे. पाणी घातल्यावर अकरा."

"खड्डा तर मीच बांधेल व्हता," ते म्हणाले. मग थोडं हसले. "मी बठ्ठी मशिनं पाह्यी, भाऊ. दुसरासनी कयेल बठ्ठं पाह्यं. मन्हा खड्डा नही पाह्या."

स्वतःच्या हातच्या कामावर त्यांना संशय आला नव्हता. दर पावसाळ्यानंतर चार ओहम. त्या चारवर त्यांचा विश्वास होता. उन्हाळ्यात तो कधी मोजलाच नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मोजला नसता.

"शेठले सांगं का?"

"सांगितलं. ते म्हणाले, नानाजी बरोबर होते."

कूलरचा आवाज. मग अगदी हलक्या आवाजात, एखादी वस्तू मागावी तसं: "मंग आते मी परत येऊ का?"

त्यांना शाबासकी नको होती. शेठनी माफी मागावी असंही त्यांच्या मनात नसणार. त्यांना सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायला एक जागा हवी होती.

"विचारून सांगतो, नाना," मी म्हणालो.

शेठना विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले. ते वाईट माणूस नव्हते, हे मी पुन्हा लिहितो. "भाऊसाहेब, माझ्या मनात नाही का आलं? पण शाल दिलेल्या माणसाला ड्युटीवर कसं बोलवायचं? समाजात सगळ्यांना माहीत झालं. उद्या लोक म्हणतील, नानाजी शाल घेऊन परत नोकरीला आले. त्यांचाच मान कमी होईल." थोड्या वेळाने म्हणाले, "रागावून काढलं असतं तर हात जोडून परत आणलं असतं. आता कोणत्या तोंडाने?"

मी खूप विचार केला आहे, आणि मला अजूनही या बोलण्यातली चूक नेमकी दाखवता येत नाही. ते सगळं खरं होतं. फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस धुळ्यात फोनजवळ बसला होता. अखाजी पंचांगाप्रमाणे येते; शेठच्या सत्काराशी तिचं काही देणंघेणं नाही. ती एक आठवडा आधी आली असती तर शालीची घडी दुकानातच राहिली असती.

शेठनी नवीन डाळीचा एक कट्टा नानांसाठी दिला. तो घेऊन मी एसटीने धुळ्याला गेलो. नाना मुलीच्या घराच्या ओट्यावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. मला बघून उठले, मग माझ्या हातातला कट्टा बघितला, आणि पुन्हा बसले. मी काही सांगायच्या आत त्यांना कळलं. मुलीने पाणी आणलं. नानांनी कट्ट्याचं तोंड सोडून मूठभर डाळ तळहातावर घेतली, उजेडात धरली.

"डाय चांगली पडेल शे," म्हणाले. "कणी कमी शे."

"एलेव्हेटरची केबल बदलली, नाना. पाइपाच्या तोंडाला रबर लावलं. खड्ड्याला नळ जोडून दिला."

"अक्काले चावत तर नही ना आते?"

"नाही."

"मंग झायं."

परतीच्या मुद्द्यावर ते बोलले नाहीत, पुढे कधीच नाही. निघताना मुलगी दारापर्यंत आली. "काका, यांना काहीतरी काम सांगा हो. गल्लीतल्या सगळ्यांच्या घरात जाऊन अर्थिंग तपासतात. लोक मला म्हणतात, तुझे बाबा आमच्या कूलरला हात लावू देत नाहीत." ती हसत होती, पण पदर डोळ्यांना लावत होती. मला त्यांच्या खोलीतल्या कपाटावर ती शाल दिसली होती. पिशवीतल्या पिशवीत, घडीही न मोडलेली.

नाना नंतर काही वर्षं होते. वयाने गेले, शांतपणे, हिवाळ्यात. मिल आता शेठच्या मुलांकडे आहे. तूर वाळवायला गरम हवेचं यंत्र आलं, गच्चीवर बाया नसतात. पॅनेलवर गळतीचा आकडा हिरव्या अंकांत दिसत राहतो. कुणाला चमकल्यासारखं वाटावं लागत नाही. हे सगळं चांगलंच झालं. मीही ती नोकरी कधीच सोडली आहे.

आमच्याकडे अखाजीला दोन घागरी भरतात, माझ्या वडिलांची आणि आईची. मी तिसरी आणतो. पहिल्या वर्षी बायकोने विचारलं होतं, "ही कुणाची?" सांगितल्यावर म्हणाली, "ते आपल्या गोतातले नाहीत, त्यांच्या लेकीच्या घरी भरत असतील." बरोबर होतं तिचं. तरी तिने तिसऱ्या घागरीवरही खरबूज ठेवलं. पूजा होते, आगारी होते. दोन घागरींचं पाणी दुसऱ्या दिवशी मोगऱ्याला आणि शेवग्याला जातं. तिसरी मी घरामागे नेतो आणि सावकाश, एका धारेत पाइपात ओततो. जमीन घटघट पिते. वर थेंब राहत नाही.

मग येऊन मेन बोर्डावरच्या गळती पकडणाऱ्या स्विचचं टेस्टचं बटण दाबतो. त्या बटणाने खड्डा तपासला जात नाही, फक्त आतला खटका जिवंत आहे की नाही ते कळतं. हेही नानांनीच सांगितलेलं. तरी दाबतो. खट्ट आवाज होतो, पंखे मंदावतात, फ्रिजची घरघर थांबते आणि बाहेरच्या चिमण्या ऐकू येतात.

"आहे का?" बायको स्वयंपाकघरातून विचारते.

"शे," मी म्हणतो, आणि मेन पुन्हा वर करतो.